आमसुलाने घासलेली बॅटरी

संपादकांचा निरोप आला की दिवाळी अंकासाठी ‘यंत्रयुग आणि आपला किनारा’ या विषयावर काहीतरी भारदस्त लिहा. भारदस्त लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांनी मोटारीचं झाकण कधी उघडलेलं नाही, म्हणून त्यांना ते जमतं. मी जन्मभर झाकणं उघडली. आत यंत्रयुग कधी भेटलं नाही. तेल भेटलं, धूळ भेटली, एकदा उंदरीण पिल्लांसकट भेटली, आणि सर्वांत जास्त वेळा भेटली ती बॅटरीच्या टोकांवर साचलेली हिरवी-पांढरी पूड. माझा अधिकार एवढ्या पुडीपुरताच आहे, तेव्हा तिच्याविषयीच लिहितो.

मुंबईच्या एका गॅरेजात काम शिकून मी अलिबागेस परत आलो तेव्हा गावात मोटारी अगदी थोड्या होत्या, आणि त्या पेट्रोलपेक्षा मालकाच्या प्रतिष्ठेवर जास्त चालत. मोटारस्टँडच्या मागे दोन माडांना पत्रा बांधून मी दुकान मांडलं. वारा सुटला की झावळ्या पत्र्यावर घासत आणि गिऱ्हाइकाला वाटे, आत फार काम चाललं आहे. मी तो समज कधी मोडला नाही.

सुरुवातीच्या गाड्या साध्या होत्या. पुढे उभं राहून हँडल मारायचं, अंगठा बाकीच्या बोटांबरोबर एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे उलटा झटका बसला तरी मनगट शाबूत राहतं. ठिणगीसाठी लागणारी वीज ती गाडी फिरता फिरता स्वतःच तयार करी. बॅटरी नसली तरी तिचं अडत नसे. पुढे नव्या गाड्या आल्या. बटण दाबलं की चालू. मालकलोक खूश झाले, कारण आता चौकात हँडल मारताना धोतर सावरावं लागेना. पण या गाड्यांची ठिणगीसुद्धा बॅटरीवर अवलंबून होती. बॅटरीने तोंड फिरवलं की बटण दाबा, हँडल मारा, नाहीतर नवस बोला. गाडी तुमच्याकडे पाहत उभी.

बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि तेजाबाचं पाणी भरलेली एक पेटी. वर शिशाच्या दोन खुंट्या असतात, त्यांना आम्ही टर्मिनल म्हणतो. त्या खुंट्यांना तारांच्या पितळी पकडी घट्ट बसवलेल्या असतात, आणि तेजाबाने पितळ खाऊ नये म्हणून पकडींवर शिशाचा मुलामा असतो. तेजाबाची वाफ वर येते, समुद्राची खारी हवा बाहेरून येते, आणि दोघी त्या पकडीपाशी गाठ घेतात. मग तिथे पूड धरते. आधी पांढरी, मग मोरचुदासारखी हिरवी-निळी. खुंटी आणि पकड यांच्यामध्ये ही पूड शिरली की आत बॅटरी धडधाकट असून बाहेर वीज येत नाही. मिठागराच्या बाजूच्या गाड्यांना हा आजार घाटावरच्या गाड्यांपेक्षा लवकर होई. घाटावरचा कोणी मोटारवाला हे मान्य करीत नसे, पण घाटावरचे लोक बाकीचंही फारसं मान्य करीत नाहीत.

उपाय स्वयंपाकघरात आहे. आंबटाला खार मारतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पकड सोडवावी, पापडखार गरम पाण्यात विरघळवून त्या पुडीवर घालावा. ती फसफसते, दुधासारखी वर येते. फसफस थांबली की साध्या पाण्याने धुवावं, नारळाच्या सोडणाचा कुंचला करून घासावं, कोरडं पुसावं, घट्ट बसवावं आणि वरून ग्रीसचा हात फिरवावा. पेटीची भोकं आधी बुचं लावून चिंधीने झाकावीत, खार आत गेला तर बॅटरीच मरायची. एवढंच. माझी बायको म्हणायची की या घरात पापडांपेक्षा बॅटऱ्याच जास्त खार खातात.

पेटीतलं पाणी आटलं की वरून शुद्ध पाणी घालावं लागतं. आमच्या विहिरी मचूळ, म्हणून मी श्रावणातलं पावसाचं पाणी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत धरून ठेवी. एका इनामदारांना मी सांगितलं की बॅटरीत अगदी शुद्ध पाणी घाला. त्यांनी देवघरातलं गंगाजल घातलं. तांब्याच्या गडूत वर्षानुवर्षं सील करून ठेवलेलं. बॅटरी महिन्याभरात बसली. त्या पाण्यात गडूचं तांबं उतरलं आहे, असं मी सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे गंगा अशुद्ध?” यावर शास्त्राकडे उत्तर आहे, पण गिऱ्हाईक टिकवायचं तर ते देऊ नये. मी म्हणालो की गंगा शुद्धच आहे, बॅटरी विलायती आहे. त्यांचं समाधान झालं आणि नवी बॅटरी त्यांनी माझ्याकडूनच घेतली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट नानासाहेबांच्या सर्व्हिस मोटारीची.

अलिबाग ते रेवस अशी ती मोटार धावे. रेवसला मुंबईची लाँच मिळे, म्हणून मोटारीचं वेळापत्रक भरतीच्या पाण्यावर ठरे. नानासाहेब मालक. गावात जी जी सभा होई तिचे ते अध्यक्ष असत, आणि सभा नसली तर ते भरवत. मोटारीत त्यांनी एक पाटी लावली होती: ‘थांब्यावर इंजिन बंद केलेच पाहिजे. पेट्रोल हे राष्ट्राचे धन आहे.’ राष्ट्राचं की नानासाहेबांचं, यावर उतारूंमध्ये मतभेद होते.

ड्रायव्हर दाऊदभाई. रेवदंड्याच्या बाजूचे, उंच, कमी बोलणारे, दाढीला मेंदी लावणारे. त्यांच्या घराण्यात सगळे दर्यावर्दी. दाऊदभाईही तरुणपणी गलबतावर होते. त्यांचे थोरले भाऊ इस्माईल मोठ्या जहाजावर आगवाला होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा घालणारे. पहिल्या लढाईत ते जहाज बुडालं आणि इस्माईल परत आले नाहीत. त्यानंतर दाऊदभाईंनी समुद्र सोडला. मला एकदा म्हणाले होते, “मेस्तरी, रस्त्यावर गाडी बंद पडली तर मानूस उतरून चालत तरी जातो.”

त्यांना एकच मुलगा, यासीन. विशीचा. मंदीचे दिवस होते, गावात हाताला काम नव्हतं, आणि या मुलाला जहाजाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मुंबईच्या एका सारंगाकडे त्याने दोन वर्षं खेपा घातल्या. सारंग म्हणजे खलाशांची टोळी जमवून जहाजावर नेणारा मुकादम. शेवटी दसऱ्यानंतर बोलावणं आलं: अमुक दिवशी संध्याकाळच्या आत हजर राहायचं, जहाज पहाटे सुटणार. जो हजर नसेल त्याच्या जागी गोदीत शंभर उभे. काम कसलं? आगवाल्याचं. चुलता करीत होता तेच.

दाऊदभाई नको म्हणाले. मुलगा हट्टाला पेटला. आईने मधे पडून हो म्हणवून घेतलं, पण ते तोंडाने. बापलेक एका घरात राहून बोलेनासे झाले. हे सगळ्या स्टँडला माहीत होतं, कारण स्टँडला सगळंच माहीत असे.

आता मधेच दसऱ्याकडे वळावं लागतं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. मोटार हे नवं हत्यार, तिचीही होई. नानासाहेबांकडे हा सोहळा थाटाचा. झेंडूच्या माळा इतक्या की पुढची काच दिसू नये, आणि मालकांचं भाषण इतकं की माळा सुकाव्यात. पण पूजा प्रत्यक्ष करीत त्या त्यांच्या थोरल्या भगिनी, आक्का. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. घरची सगळी पितळेची-तांब्याची भांडी त्यांच्या ताब्यात. त्यांच्या हातचा तांब्या आरशासारखा चमके. आक्कांचा एक नियम होता, कळकलेली वस्तू देवापुढे ठेवायची नाही.

त्या वर्षी त्यांनी दाऊदभाईंना विचारलं की बाबा, या मोटारीचा जीव कुठे असतो? दाऊदभाईंनी सांगितलं, माझ्या पायाखाली. बॅटरी तेव्हा ड्रायव्हरच्या पायापाशी, फळीखाली असे. आक्का म्हणाल्या, मग देव गाभाऱ्यात आणि तुम्ही हळदकुंकू वाहता दाराला? काढ ती फळी.

फळी निघाली. पकडींवर हिरवट पूड दिसली. आक्कांनी ती ओळखली, म्हणजे त्यांना वाटलं की ओळखली. तांब्याची घागर कळकली की तसाच रंग येतो. त्यांनी आमसुलं भिजवून आणली, बरोबर विटेचा भुगा, आणि आपण आमटीचं पातेलं घासतो तशा त्या पकडी घासल्या. हिरवं गेलं. मुलामा होता तोही गेला. खालचं पितळ सोन्यासारखं निघालं. आक्का पाण्याने धुणार, तर दाऊदभाईंनी त्यांचा हात अडवला. विजेच्या वस्तूला पाणी लावू नका, झटका बसेल. ही त्यांची काळजी. म्हणून आमसुलाचा कोळ तसाच राहिला. त्यावर हळद, त्यावर कुंकू, आणि नारळ फोडला त्याचं पाणी चार बोटांनी शिंपडलं. आंबटाला आंबट भेटलं, मुलामा गेलेलं पितळ आयतं सापडलं, आणि वरून पुन्हा फळी बसली. दुसऱ्या कुठल्या मुलखात हे घडलं नसतं. तिथे आमसुलं मिळत नाहीत आणि बॅटरीला कोणी देव मानत नाही.

मी त्या दिवशी तिथे नव्हतो. हे सारं मागाहून कळलं, आणि कसं कळलं तेच आता सांगतो.

दिवाळीच्या तोंडावर यासीन निघायचा दिवस आला. दुपारच्या भरतीला रेवसची लाँच. मला मुंबईहून सुटे भाग आणायचे होते, म्हणून मीही त्याच मोटारीत होतो. आक्का मुंबईला भाचीकडे निघाल्या होत्या, मांडीवर बोचकं. पुढे ड्रायव्हरशेजारी स्वतः नानासाहेब. मुंबईत त्यांचा कसलासा सत्कार होता, आणि डोक्यावर नवी जरीची पगडी होती. मागच्या बाकावर यासीन, पत्र्याची ट्रंक दोन्ही पायांत धरून. त्याची आई स्टँडवर आली होती. तिने मुलाला निरोप दिला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की आम्ही बाकीचे उतारू दुसरीकडे पाहू लागलो.

चोंढीच्या पुढे, किहीमचा रस्ता फुटतो तिथे थांबा होता. दोन उतारू चढले. पाटीप्रमाणे दाऊदभाईंनी इंजिन बंद केलं होतं. आता बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. एवढंसं कट्‍ झालं आणि मग तेही होईना.

हँडल मारलं. धापा टाकेपर्यंत मारलं. मग आम्ही उतरून ढकलली. नानासाहेब उतरले नाहीत. मालक मोटार ढकलतो हे दृश्य किहीमच्या बागाईतदारांच्या नजरेस पडू नये, अशी त्यांची इच्छा असावी. ते आतून ‘जोर लावा’ एवढं म्हणत होते. त्यांच्यासकट ती मोटार आम्ही पुढच्या वडापर्यंत नेली. तिने एकदाही खोकून दाखवलं नाही.

मला मनातून कारण कळलं होतं. इंजिन चालू असताना त्याच्यावर फिरणारा डायनामो ठिणगीपुरती वीज पुरवतो, बंद केलं की सगळा भार बॅटरीवर. म्हणजे बॅटरीची तार सुटली होती. मी तसं बोलणार, एवढ्यात नानासाहेब खिडकीतून डोकं काढून म्हणाले,

“दाऊद, पोराला पाठवायचं नव्हतं तर घरी सांगायचंस. माझी गाडी कशाला वेठीला धरलीस?”

ते विनोद करीत होते. सत्काराला निघालेला माणूस विनोदी होतो. दोघंतिघं हसलेही. यासीन हसला नाही. तो ढकलून घामाघूम झाला होता. शर्टाने तोंड पुसत तो बापासमोर येऊन उभा राहिला.

“बाबा,” तो म्हणाला. कित्येक दिवसांनी तो त्यांच्याशी बोलत होता. “तुमी केलाय का?”

दाऊदभाईंच्या हातात हँडल होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मुलाकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात मला दिसलं की हा विचार त्यांच्या मनात येऊन गेलेला आहे. एखाद्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी तो करून पाहिला असेल आणि दूर सारला असेल. म्हणूनच त्यांना ‘नाही’ म्हणणं जड जात होतं. न केलेल्या गोष्टीचा आळ माणूस झटकतो. करावीशी वाटलेल्या गोष्टीचा झटकता येत नाही.

“नाय,” ते शेवटी म्हणाले. “पन तू इचारलंस.”

मी फळी काढली.

आत दिवाळी होती. हिरवं, निळं, पांढरं, त्यात हळदीचं पिवळं आणि कुंकवाचं लाल, आणि खालून आमसुलाचे जांभळे ओघळ. पूड एवढी फुगली होती की एक पकड खुंटीवरून वर उचलली गेली होती. मी हातातली पकड उजेडात धरली आणि विचारलं की ही कोणी घासली? आक्का बोचकं घेऊन मागच्या बाजूने खाली उतरल्या, पुढे आल्या, वाकून पाहिलं. बोटाने पूड उचलली, नाकाशी नेली. त्यांना वास कळला.

“त्याला काय विचारतोस रे यासीन,” त्या म्हणाल्या. “हे माझं काम. माझ्या आमसुलाचं.”

आणि मग नानासाहेबांकडे वळून, “तू उतर आधी. बसलाय मेला पगडी घालून.”

नानासाहेब उतरले. थोरल्या बहिणीपुढे अध्यक्षपद चालत नाही.

प्रश्न पापडखाराचा होता. माझा डबा दुकानात. लाँचची वेळ जवळ येत होती, आणि भरतीचं पाणी कोणासाठी थांबत नाही. लाँच गेली की दुसरी उद्या, आणि यासीनचं जहाज पहाटे. आक्कांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्याच्या कडेला एका आगऱ्याचं घर होतं, चुलीचा धूर निघत होता. आंबटाला खारच लागतो ना, त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. “मग राख चालेल की. राखेचं पाणी हा खारच. आम्ही डोकी धुवायचो त्याने.” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्या घराकडे निघाल्या. मला हे आधी सुचायला हवं होतं असं वाटून गेलं, पण गॅरेजात शिकलेल्या माणसाला डबा आठवतो, चूल आठवत नाही.

घरची बाई भात वेळत होती. राख मागायला आलेले मोटारीचे लोक तिने प्रथमच पाहिले असतील. “राख व्हय? कवरी पायजे तवरी न्या,” ती म्हणाली, आणि राखेबरोबर भाताच्या आधणातलं उरलेलं गरम पाणीही दिलं. आक्कांनी राख त्यात कालवली, बसू दिली, वरचं निवळ पाणी पदराने गाळून घेतलं. सोडणं तर तिच्या अंगणात ढिगाने पडली होती.

मी दुसरी पकडही सोडवली, बुचं घट्ट केली, पेटी चिंधीने झाकली आणि आता ओतणार, तोच दाऊदभाईंनी माझ्या हातातलं भांडं घेतलं. गुडघे टेकून बसले आणि थेंब थेंब करून ते पाणी त्या पुडीवर सोडू लागले. पूड फसफसली. फेस हिरवा झाला, राखाडी झाला, ओघळून गेला. ते पुन्हा ओतीत, पुन्हा वाट पाहत. मग सोडणाने घासू लागले.

मी अनेकांना टर्मिनल घासताना पाहिलं आहे. वीज वाहण्यापुरतं साफ झालं की पुरे, पुढे जायचं असतं. दाऊदभाई घासत राहिले. पकडीच्या आतली बाजू, जी कोणाला दिसत नाही आणि जिच्यावरच सगळं असतं, ती त्यांनी खिशातल्या चाकूने खरवडली. खुंटीचं शिसं चांदीसारखं केलं. धुतलं, पुसलं, पुन्हा पाहिलं. ज्या माणसाला ही गाडी चालू व्हायला नको होती, तो तिच्यात एवढीशी फट राहू देत नव्हता. यासीन बाजूला उभा राहून बघत होता. मग तोही खाली बसला आणि बापाला पाणी ओतून देऊ लागला. लाँचच्या चिंतेने आम्ही सगळे चुळबुळत होतो, पण ‘आटपा’ म्हणायची कोणाची छाती झाली नाही. नानासाहेबांचीही नाही.

“मेस्तरी,” दाऊदभाई म्हणाले, “ग्रीस?”

ग्रीस नव्हतं. आणि मुलामा गेलेल्या पितळेवर काही लावल्याशिवाय मुलगा रेवसला पोचला असता, पण गाडी परत आली असती की नाही, सांगता येत नव्हतं. आक्कांनी तिथेच रस्त्यावर बोचकं सोडलं. भाचीसाठी वर्षाची आमसुलं होती, आणि फडक्यात गुंडाळलेले कोकमतेलाचे गोळे होते. मुंबईकरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, कोकमाच्या सालीचं आमसूल होतं आणि बियांचं हे तेल, ते थिजून मेणासारखं घट्ट होतं, त्याचे मुठीत वळून गोळे करतात, आणि थंडीत टाचा फुटल्या की तापवून लावतात. आक्कांनी एक गोळा दाऊदभाईंच्या हातावर ठेवला. “सालीने घाण केली, बी निस्तरेल,” त्या म्हणाल्या.

दाऊदभाईंनी पकडी बसवल्या, आवळल्या, तो गोळा तळहातात मऊ केला आणि दोन्ही टोकांवर बोटाने थापला. मग जाग्यावर बसून डोळे मिटले, पुटपुटले, बटण दाबलं. एकदा घरघरली, आणि लागली.

रेवसपर्यंतच्या बाकीच्या थांब्यांवर मोटार थांबली, पण इंजिन बंद झालं नाही. राष्ट्राचं धन जळत होतं आणि पाटीच्या खाली बसलेले नानासाहेब खाडीकडे पाहत होते. धक्क्यावर पोचलो तेव्हा लाँचची शिडी ओढण्याच्या बेतात होती. मी आणि आक्का आधी चढलो. नानासाहेब चढले. यासीन ट्रंक खांद्यावर घेऊन धक्क्यावर थबकला.

दाऊदभाईंनी खिशातून कोकमतेलाचा उरलेला गोळा काढला. अर्धा बॅटरीला लागला होता, बाकी त्यांच्या बोटांच्या खुणांचा होता. तो त्यांनी मुलाच्या शर्टाच्या खिशात घातला.

“भट्टीम्होरं उभं ऱ्हावं लागतं,” ते म्हणाले. “इस्माईलच्या टाचा फुटायच्या. लावत जा.”

लाँच सुटली.

नानासाहेबांनी सत्काराहून परत आल्यावर मोटारीत दुसरी पाटी लावली: ‘स्वयंपाकघरातील कोणताही पदार्थ गाडीस लावू नये.’ ती लावताना खाली बॅटरीवर कोकमतेलच होतं, आणि पुढेही तेच राहिलं, कारण दाऊदभाईंना ग्रीसपेक्षा ते पसंत पडलं. आक्कांनी पुढच्या खंडेनवमीपासून पूजेच्या ताम्हनात राखेच्या निवळ पाण्याची वाटी ठेवायला सुरुवात केली. आधी ते पाणी, मग साधं पाणी, मग हळदकुंकू, मग कोकमतेल. झटक्याच्या भीतीचं त्यांनी ऐकलं नाही. हा विधी इतका नीट बसला की आक्का गेल्यावर सुनांनीही तो चालू ठेवला. परवा त्या घरी गेलो तर नातसून नव्या गाडीच्या पूजेला राखेचं पाणी गाळत होती. का, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, आमच्याकडे पूर्वापार आहे. मी मान डोलावली. पूर्वापार म्हणजे काय, हे पाहण्याइतकं आयुष्य मिळालं, हा आनंद थोडा नाही.

त्या खेपेला मी मुंबईहून भाग आणले, ते कुठल्या गाडीला लावले ते आठवत नाही. यासीन परतला तो दिवस मात्र आठवतो. दोन हिवाळे गेले होते. योगायोगाने मी रेवसला एका मालमोटारीच्या कामासाठी गेलो होतो. दुपारची लाँच लागली. यासीन उतरला. भरदार झाला होता, अंगात कोट, पायांत चकचकीत विलायती बूट, हातात तीच पत्र्याची ट्रंक. दाऊदभाई मोटारीजवळ उभे होते. मुलगा जवळ आला, सलाम केला. दाऊदभाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

“बूट काढ,” ते म्हणाले.

भरल्या धक्क्यावर यासीनने बूट काढले, मोजे काढले, आणि पाठमोरा होऊन एकेक टाच वर करून दाखवली. दाऊदभाईंनी वाकून पाहिलं. अंगठा फिरवला.

मग ट्रंक स्वतः उचलून टपावर टाकली आणि म्हणाले, “बस.”

मला तेव्हा लक्षात आलं की मघापासून मोटारीची घरघर कानावर येते आहे. लाँच खाडीच्या तोंडाशी दिसायच्या आधीपासून, इंजिन बंद करायच्या त्या पाटीखाली, ती चालूच होती.